पट्ट्याचं वय

टायमिंग बेल्टबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ते मी ऐकवत असे. कव्हर उघडावं, पट्टा बघावा, तडे नसतील, दात शाबूत असतील, तेल लागलेलं नसेल तर कव्हर पुन्हा लावावं आणि गाडी चालवावी. इतके किलोमीटर झाले, इतकी वर्षं झाली म्हणून धडधाकट पट्टा काढून फेकायचा, हा कंपन्यांनी आपल्या माथी मारलेला खर्च आहे. आज माझं मत याच्या बरोबर उलट आहे. पट्टा तारखेने बदलावा, दिसायला कितीही चांगला असला तरी.

हे मत बदलताना माझी गाडी घाटात बंद पडली नाही, इंजिनही गेलं नाही. तसं काही झालं असतं तर हे लिहायला सोपं गेलं असतं, कारण ठेच लागून आलेलं शहाणपण लोकांना चटकन पटतं. माझा पट्टा शाबूत होता. मत तेवढं गेलं.

आधी गाडी सांगतो. फियाट पालिओ, १.६. सप्टेंबर २००१ मध्ये पालिओ आपल्याकडे आली आणि तिचं हे सोळा व्हॉल्व्हचं, १५९६ सीसीचं, शंभर अश्वशक्तीचं रूप म्हणजे त्या काळातल्या छोट्या गाड्यांमधला आडदांड पोरगा होता. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर खरे स्पोर्ट्स कारवाले हसतील. छप्पर उघडत नाही, दारं दोनऐवजी चार आहेत, मागच्या सीटवर आईला बसवून सिद्धिविनायकाला नेता येतं. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तिला ती कोण आहे हे बरोबर आठवतं. पेट्रोल पिण्याच्या बाबतीत तर ती पहिल्या दिवसापासून अस्सल स्पोर्ट्स कार आहे.

आणि ती आमच्या शेजारची आहे. माहीमहून कुर्ला काही लांब नाही. प्रीमियरच्या ज्या कुर्ल्यात फियाट ११०० आणि मग पद्मिनी घडली, त्याच कुर्ल्यात पालिओही तयार झाली. माझी गाडी जन्मल्यापासून आजवर मुंबईच्या हवेतच आहे. खारी हवा, घाम, जुलैचं पाणी आणि मेचं ऊन, हे सगळं तिने माझ्याइतकंच खाल्लंय. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, पण तेव्हा मी तिच्याकडे कौतुकाने बघायचो. गाडी इथली आहे, इथल्या हवेला सरावली आहे, असं म्हणायचो. रबराला सराव नसतो, हे कळायला वेळ लागला.

माझं जुनं मत आभाळातून पडलं नव्हतं. पद्मिनीच्या इंजिनात टायमिंगला साखळी होती. ती सैल झाली की खळखळ करायची, सगळ्या गल्लीला ऐकू जायची. टॅक्सीवाल्यांना तिच्या आवाजावरून वय सांगता यायचं. म्हणजे बिघाड आधी बोलतो, मग येतो, हे त्या पिढीच्या मिस्त्रींच्या हाडात मुरलेलं. मग १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रबरी पट्टा घरोघरी पोचला. पण आठशेचं इंजिन दिलदार होतं. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बंद. टो करून गॅरेजला न्यायची, मिस्त्री खुणा जुळवून नवा पट्टा चढवायचा, संध्याकाळी गाडी घरी. व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं, असं क्वचित कानावर यायचं. त्यामुळे टायमिंग बेल्ट म्हणजे पंख्याच्या पट्ट्याचा जरा महाग भाऊ, तुटेल तेव्हा बघू, अशी समजूत मुंबईच्या गॅरेजांत रुजली. माझे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, मूळचे रत्नागिरीकडचे आणि आयुष्यभर मोरी रोडच्या आसपास हात काळे केलेले, त्यांचं एकच सूत्र होतं: चालत्या इंजिनाला पाना लावायचा नाही. मी त्यांचा शिष्य.

मारुती ८०० आणि पालिओ १.६ यांच्यात फरक आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पालिओच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडून खाली जिथे येतो, त्याच जागेत पिस्टनही वर येतो. दोघांची वेळ वेगळी म्हणून त्यांची गाठ पडत नाही, आणि ती वेळ राखण्याचं काम पट्ट्याचं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. सहा हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला शंभर वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो, आणि दर वेळी पिस्टन येण्याआधी बाजूला होतो. हा सगळा व्यवहार बोटभर रुंदीच्या रबरावर. ते तुटलं किंवा त्याचे काही दात सरकले की कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र गाडीच्या वेगाने वर येतच राहतो. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरतं, आणि वीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत मालक हिशेब मांडून गाडी भंगारात देतो. हे सगळं मी दुसऱ्यांना समजावून सांगत असे. आणि म्हणूनच, असं मी म्हणायचो, पट्टा नीट बघत जा.

बघण्यावर माझा फार विश्वास होता. दर पावसाळ्यानंतर वरचं प्लास्टिकचं कव्हर मी स्वतः काढायचो. टॉर्च लावायचा, क्रँकच्या बोल्टला गोटी पाना घालून इंजिन हळूहळू हाताने फिरवायचं, पट्टा समोरून सरकत जाताना त्याची पाठ बघायची, कडा उसवल्यात का ते बोटाने चाचपायचं, जिथे जमेल तिथे पट्टा जरा पिळून दातांच्या मुळाशी बारीक चिरा आहेत का ते पाहायचं. कॅमच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर ते पट्ट्यावर येतं आणि रबर फुगतं, म्हणून तिथे बोट फिरवून वास घ्यायचा. शेजारच्या बिल्डिंगमधली मुलं भोवती उभी राहायची आणि मी जरा जास्तच वेळ लावायचो. पट्टा दर वर्षी तसाच, काळा, मऊ, देखणा. मी कव्हर बंद करायचो आणि वाचलेल्या पैशांची मनातल्या मनात बेरीज करायचो.

या विश्वासाला पहिलं भोक पडलं ते सचिनच्या फेरारीमुळे.

ती गोष्ट माहीम-दादरमध्ये कुणाला सांगायची गरज नाही, तरी क्रम लागावा म्हणून सांगतो. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने एकोणतिसावं कसोटी शतक ठोकून ब्रॅडमनची बरोबरी केली. तो तेव्हा फियाटचा चेहरा होता. पालिओची एस १० नावाची आवृत्ती त्याच्याच जर्सीच्या आकड्यावरून निघाली होती. फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली आणि किल्ली शूमाकरने सिल्व्हरस्टोनला हातात ठेवली. मग सीमाशुल्काच्या माफीवरून देशभर गदारोळ झाला, शेवटी ते पैसे फियाटने भरले, आणि गाडी मुंबईच्या रस्त्यावर आली. २०११ मध्ये ती सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बेतलेला एक सिनेमाही आला. मधल्या काळात कॅडल रोडला पहाटे फेरारी पाहिली असं सांगणारे इतके लोक मला भेटलेत, की ते सगळे खरं बोलत असतील तर सचिन सरावाला गेला कधी, हा प्रश्न पडतो.

माझ्या गाडीचा आणि त्या गाडीचा कारखाना वेगळा, पण घराणं एक. १९६९ पासून फेरारीत फियाटचा मोठा वाटा होता. आणि नातं त्याहून जुनं आहे. ऑरेलिओ लाम्प्रेदी हा फेरारीची बारा सिलिंडरची इंजिनं करणारा माणूस १९५५ मध्ये फियाटमध्ये आला, आणि १९६६ मध्ये फियाट १२४ स्पोर्टसाठी त्याने दोन कॅमचं जे इंजिन केलं, त्यात साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा घातला. पट्टा त्याआधी जर्मनीच्या ग्लास १००४ या छोट्या गाडीत १९६२ मध्ये येऊन गेला होता, पण दोन कॅमच्या इंजिनाला, तेही मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत, तो लाम्प्रेदीने आणला. तेव्हा ‘रबरी पट्टा हा कंजुषीचा प्रकार, खऱ्या इंजिनाला साखळीच’ हे जे आपल्याकडे बोललं जातं, ते निदान इटलीत तरी खरं नव्हतं. पट्टा हलका, आवाज न करणारा, तेल न मागणारा. मुळात असा दातेरी पट्टा अमेरिकेत चाळीसच्या दशकात शिलाई मशीनसाठी निघाला, सुई आणि खालचा दोरा यांचा मेळ बसावा म्हणून. मेळ चुकला तर काय होतं हे ज्यांच्या घरी मशीन होतं त्यांना वेगळं सांगायला नको.

तर ३६० मोडेना. ३५८६ सीसी, आठ सिलिंडर, चाळीस व्हॉल्व्ह, चारशे अश्वशक्ती, आणि ती मिळायची ८५०० आरपीएमला. या इंजिनात दोन टायमिंग बेल्ट. तिच्या आधीच्या ३५५ मध्ये पट्टा बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. ३६० मध्ये फेरारीने सीटच्या मागे एक झाकण ठेवलं, तिथून हात घालून पट्टे बदलता येतात. मला हे वाचून गंमत वाटली होती. एवढी मोठी कंपनी, एवढी महागडी गाडी, आणि पट्टा बदलण्यासाठी खास दार ठेवायचं? म्हणजे तो वारंवार बदलावा लागणार हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. दर तीन वर्षांनी, असं या गाडीच्या मालकांमध्ये सर्रास बोललं जातं. कुणी पाचापर्यंत ताणतात. आणि यातल्या बऱ्याच गाड्या वर्षाला फारशा चालतही नाहीत. एसी गॅरेजमध्ये पांघरूण घालून उभ्या.

माझी पहिली प्रतिक्रिया, श्रीमंतांचे चोचले. पण एक गोष्ट टोचत राहिली. त्यांचा नियम वर्षांचा होता. ज्या माणसांना पैशाची चिंता नाही त्यांना तर किलोमीटर मोजायला काहीच हरकत नव्हती, आणि ज्या कंपनीने इंजिनात कणाकणाचा हिशेब केलाय तिला पट्टा कसा तपासायचा हे ठाऊक नसेल हे शक्य नव्हतं. त्यांनी तपासणी का सांगितली नाही? बदला एवढंच का सांगितलं?

याच सुमारास माझी गाडीही उभी राहायला लागली होती. आधी ट्रॅफिकमुळे, मग वयामुळे (माझ्या), आणि मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचं शीतलादेवी स्थानक सुरू झाल्यावर तर गाडी काढायला निमित्तच शोधावं लागतं. मी याचा उलटा फायदा घ्यायचो. गाडी चालतेच कुठे, मग पट्टा झिजेल कसा? सर्व्हिसच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं ना, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, यांपैकी जे आधी येईल ते. मी ते वर्षानुवर्षं ‘यांपैकी जे परवडेल ते’ असं वाचत आलो होतो.

मग आमच्या सोसायटीची सभा झाली. इमारत सत्तरच्या दशकातली, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती करून घ्यायची म्हणून मी कमिटीत भांडत होतो. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा ऐकेनात. म्हणाले, “माझ्या भिंतीला एक तडा दाखवा, मी वर्गणी देतो.” मी म्हणालो, “आजोबा, सळई आत असते. प्लास्टर बरं दिसतंय म्हणून सळई बरी आहे असं होत नाही. तडा बाहेर दिसेल तेव्हा तपासायला काही उरलेलं नसतं.” लोकांनी माना डोलावल्या. ठराव पास झाला. मी खूश.

चाचांचा मुलगा, जो आता गॅरेज बघतो, त्याच आठवड्यात भेटला. त्याला मी ही फुशारकी सांगितली. तो ऐकून म्हणाला, “काका, मग बेल्टमधली सळई तुम्ही कशी बघता?”

मला काही सुचलं नाही. पट्ट्यात सळई असतेच. ताण घेतं ते रबर नाही. रबराच्या आत लांबीभर काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्या ताण घेतात. दातांवर नायलॉनचं कापड असतं, ते झीज घेतं. रबर या दोघांना एकत्र धरून ठेवतं. मी दर वर्षी टॉर्च लावून जे बघत होतो ते होतं प्लास्टर. काचतंतू लांबीच्या दिशेने पोलादासारखे ताकदवान, पण पुन्हा पुन्हा वाकवणं त्यांना सोसत नाही आणि ओलावाही मानवत नाही. म्हणून तर त्यांच्यावर लेप देतात आणि म्हणून नवा पट्टा खोक्यातून काढताना घडी घालू नका, मुरगळू नका असं बजावलेलं असतं. एकदा चिमटीत दाबून वाकवला तर आतले धागे तुटतात आणि बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. तुटलेल्या धाग्यांचं ओझं उरलेल्यांवर येतं. शेवटचे धागे जातात ते एका क्षणात. साखळी खळखळ करून सांगते, हा न सांगता जातो.

आणि रबरही बदललं आहे. सुरुवातीच्या पट्ट्यांचं निओप्रीन म्हातारं झालं की कडक व्हायचं, त्याला पाठीवर चिरा पडायच्या, आणि चाचांच्या पिढीने त्या चिरा वाचायला शिकून घेतलं. पुढे उष्णतेला जास्त टिकणारं हायड्रोजनेटेड नायट्राइल रबर आलं. ते पुष्कळ जास्त टिकतं, पण त्यावर तसं ठळक काही लिहून येत नाही. चाचांकडून मी जी लिपी शिकलो होतो, तीत हे पट्टे काही लिहीत नव्हते. कोरी पाटी बघून मी दर वर्षी पास करत होतो.

मला आरटीओचंही आठवलं. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायला ताडदेवला गेलो, तेव्हा त्यांनी दिवे, हॉर्न, ब्रेक, चेसिसचा नंबर, पीयूसी सगळं पाहिलं. टायमिंग बेल्टबद्दल कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी काय पाहणार होते? त्यांना दोष नाही. डोळ्यांना जे दिसतं त्याची तपासणी होते. पट्ट्याच्या बाबतीत तेवढ्यानं भागत नाही, इतकंच.

हे सगळं पटलं तरी पाना लगेच हातात घेतला नाही. मला वाटलं होतं की एखादं वाक्य ऐकून माणूस बदलतो. तसं होत नाही. मी आणखी एक पावसाळा तसाच काढला आणि त्या काळात गाडी काढली की पन्नाशीच्या वर घेववेना. आधी जो पट्टा बघून मी निर्धास्त व्हायचो, तोच पट्टा तसाच होता. माझ्या बघण्याला किंमत उरली नव्हती. शेवटी पट्टा बदलला तो इंजिन वाचवण्यासाठी की माझी झोप वाचवण्यासाठी, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

कामाला दिवस लागला. या इंजिनात नुसत्या पुलीवरच्या खुणांवर विसंबून चालत नाही, कॅम जागेवर पकडून ठेवणारी खास हत्यारं लागतात, आणि ती ज्याच्याकडे नाहीत त्याने या कामाला हात घालू नये. चाचांच्या मुलाने ती मागवून ठेवली होती. चाचा स्टूल टाकून बाजूला बसले, न बोलता, ज्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. बॅटरीची वायर काढली. उजवं चाक काढलं, आतलं मडगार्ड सोडवलं. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक दिला आणि त्या बाजूचं माउंटिंग खोललं, कारण पट्टा बाहेर यायला तिथूनच वाट आहे. अल्टरनेटरचा पट्टा, मग क्रँकची पुली. तिचा बोल्ट सुटायला तयार नव्हता. लांब पाइप घालून दोघांनी जोर लावला तेव्हा असा आवाज झाला की मला वाटलं काहीतरी मोडलं. प्लग काढून पहिल्या सिलिंडरच्या भोकातून डायल गेज लावला, पिस्टन नेमका वर आणला, कॅम लॉक केले. मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर सैल करून पट्टा काढला आणि माझ्या हातात दिला.

पट्टा सुंदर होता. एक चीर नाही, एक दात झिजलेला नाही. चाचा उठले, पट्टा घेतला, उजेडात फिरवून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, “आणखी पाच वर्षं गेली असती.”

खरं सांगायचं तर गेलीही असती. पाच आठवडेही गेले नसते. त्या पट्ट्याकडे बघून यातलं कुठलं खरं, हे चाचांना सांगता येत नव्हतं, मुलाला येत नव्हतं आणि मला तर नाहीच. तिघांच्या हातातून तो फिरला आणि तिघांनी आपापल्याला हवं ते त्यात पाहिलं. माझ्यापुरता वाद तिथे संपला.

टेन्शनरने मात्र वेगळीच साक्ष दिली. ती लहानशी चकती बोटाने फिरवली तर कुरकुरत होती. आतलं ग्रीस सुकलं होतं. पट्टा कितीही चांगला असो, ही चकती जाम झाली की तो जळून जातो. आणि ती वरच्या कव्हरमधून माझ्या टॉर्चला कधी दिसलीच नव्हती. कॅमच्या सीलजवळही तेलाचा पुसट ओलावा होता, ज्याला बोट लावून मी दर वर्षी कोरडा म्हणत आलो होतो. दोन्ही बदललं. आता मला वाटतं की तपासणीचा खरा उपयोग इथे आहे, पट्टा काढल्यावर. पट्टा तारखेने काढायचा आणि त्या निमित्ताने त्याच्या मागे जे लपलेलं असतं ते डोळ्यांनी बघायचं. ज्या इंजिनात हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तिथे पंप त्याच वेळी बदलून टाकावा, कारण सगळा खर्च तिथवर पोचण्याचा असतो. नवा पट्टा चढवून झाल्यावर मुलाने लॉक काढले, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं, पुन्हा लॉक बसतात का पाहिलं, ताण पुन्हा मोजला. दोन फेरे अशासाठी की तेव्हाच कॅमचा एक पुरा होतो. चाचांनी हे पाहिलं आणि मान हलवली. होकाराची होती की काय, मी विचारलं नाही.

मत बदललं म्हणजे मी कंपन्यांचा भक्त झालो असं नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘पट्टा बदलायला हवा’ हे वाक्य किती सैलपणे वापरलं जातं ते मला माहीत आहे; साखळीच्या इंजिनाच्या मालकालाही ते ऐकवलेलं मी पाहिलंय. साखळी कायमची असते हेही खरं नाही, तेल वेळेवर बदललं नाही तर तीही ताणते. फेरारीने स्वतः २००४ च्या एफ ४३० मध्ये पट्टा सोडून साखळी घेतली. म्हणजे दर तीन वर्षांच्या त्या नियमाचा मालकांना जाच होत होता हे त्यांनाही कळलं असणार. तारखेचा नियम उधळपट्टीचा आहे, यावर मी अजून ठाम आहे. शंभर पट्टे तारखेने काढले तर त्यातले बहुतेक चांगले निघतील. फक्त कोणते चांगले आणि कोणता नाही हे वेगळं काढण्याची सोय नाही, आणि पालिओसारख्या इंजिनात त्या एकाची किंमत अख्खी गाडी आहे. कुणाच्या गाडीत पट्टा तुटला तरी काही वाकत नसेल, तर त्याने खुशाल चाचांचं ऐकावं.

या नव्या मताने एक नवीन डोकेदुखी मात्र आणली आहे, आणि ती मला अजून सुटलेली नाही. पालिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. १.६ चे पट्टे आता सहज मिळत नाहीत. हे काम काढण्याआधी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरलो तेव्हा एका दुकानदाराने वरच्या फळीवरून खोका काढला, धूळ झटकली आणि अभिमानाने म्हणाला, “साहेब, कंपनीचा माल, सीलपॅक. आता असा मिळणार नाही.” आधीचा मी असतो तर तिथेच दोन घेऊन ठेवले असते. आता खोका उघडून पट्ट्याच्या पाठीवरचा छापील कोड आधी वाचला. पट्टा कधीच कुठल्या गाडीत बसला नव्हता, पण माझ्या गाडीतल्या पट्ट्याहून वयाने थोरला होता. माळ्यावर, पत्र्याखाली, मुंबईच्या उकाड्यात त्याने ती वर्षं काढली होती. रबराला उष्णता लागते ती खोक्यातही लागते. मी तो परत केला आणि दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हापूसची पेटी वास घेऊन परत करतोय.

शेवटी पट्टा आणि टेन्शनर लंडनहून भाच्याने आणले. युरोपात याच जातीच्या इंजिनाच्या फियाट पुष्कळ विकल्या गेल्या, त्यामुळे तिथे ताजा माल अजून मिळतो. मी त्याला पार्ट नंबरबरोबर छापील तारखेचा फोटोही पाठवायला सांगितला होता; त्याने तो पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, औषध मागवलंय का?” बॉनेटच्या आतल्या बाजूला आता एक स्टिकर आहे, त्यावर पट्टा बसवल्याची तारीख, त्याखाली पट्टा बनल्याची तारीख आणि पुढच्या बदलीचं वर्ष. दोन्हीतली जुनी तारीख धरून ते वर्ष काढलंय. भाचा तेव्हा लंडनमध्ये असेल की नाही, पट्टा मिळेल की नाही, आणि गाडीच्या नोंदणीला आणखी पाच वर्षं मिळतील की नाही, हे तीन प्रश्न एकाच सुमाराला उभे राहणार आहेत. चाचांचा मुलगा म्हणतो आत्ताच एक जादा मागवून ठेवूया. मी त्याला म्हटलं, ठेवायचा कुठे, फ्रिजमध्ये?